जपानमधलं शाळेचं जेवण, नागानोचं मीठ आणि मिनामाताची मासळी

आमच्या पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला एक अभ्यासदौरा असतो आणि आमच्या बॅचला विषय मिळाला अन्नसंस्कृती आणि सार्वजनिक आरोग्य, देश जपान. परत आल्यापासून घरचे, मैत्रिणी, जुन्या हॉस्पिटलमधले लोक सगळे फोटो मागतायत. फोटो भरपूर आहेत, पण फोटोत मावत नाही तेच जास्त आहे म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

मी मिरजेची, डाएटिशियन. मास्टर्सला यायच्या आधी ओपीडीत बसायचे. बीपीचा पेशंट यायचा, डॉक्टर चिठ्ठीवर ‘मीठ कमी’ लिहून माझ्याकडे पाठवायचे, मी लोणचं, पापड, खारवलेली मिरची, फरसाण यांच्यावर फुली मारलेला छापील कागद द्यायचे, काका मान डोलवायचे, काकू म्हणायच्या “अहो मी सांगून सांगून थकले”, आणि पुढच्या वेळी बीपी जिथल्या तिथे. यात काकांचा दोष आहे असं मला कधीच वाटलं नाही. शेतावरून दमून आलेल्या माणसाच्या ताटात भाकरी, झुणका आणि ठेचा एवढंच असेल तर त्यातून काय काय काढायचं? तर मी हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन गेले होते, की माणसाच्या ताटात काय पडतं याची जबाबदारी नक्की कुणाची. दौरा संपेपर्यंत माझं मत पक्कं झालं की ती एकट्या खाणाऱ्यावर ढकलता येत नाही, ती कुणीतरी अंगावर घ्यावी लागते. आणि कुणीच घेतली नाही की काय होतं तेही त्याच देशात बघायला मिळालं.

पहिलं शाळेचं सांगते. नागानो प्रांतातली एक साधी सरकारी प्राथमिक शाळा, मागे डोंगर, हवेत चांगलाच गारठा. किचन शाळेच्याच आवारात होतं पण आम्हाला आत सोडलं नाही, काचेच्या खिडकीतून बघा म्हणाले. आत काम करणाऱ्या प्रत्येकाची महिन्यातून दोनदा शौचाची तपासणी होते आणि रिपोर्ट नसलेला माणूस आत जात नाही, पाहुणा असो नाहीतर कुणी असो. काचेतून दिसत होतं की भाजी एकामागून एक तीन टाक्यांमध्ये धुतली जातेय, कच्ची मासळी हाताळणाऱ्या बाईचा एप्रन एका रंगाचा आणि शिजलेलं काढून घेणाऱ्या बाईचा दुसऱ्या, आणि या रंगाचा एप्रन त्या भागात जात नाही. पदार्थ उतरवायच्या आधी त्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसून बघतात, ७५ अंश निदान एक मिनिट, आणि वहीत वेळेसकट लिहितात. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते मुलांनी खाल्लेलं असलं पाहिजे.

कोपऱ्यात एक छोटा फ्रीझर होता, त्यात छोट्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर तारीख. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा आणि त्यात पडलेल्या प्रत्येक कच्च्या मालाचा साधारण ५० ग्रॅमचा नमुना उणे २० अंशात दोन आठवडे ठेवतात. उद्या एखाद्या वर्गात मुलं आजारी पडली तर मागच्या पंधरवड्यात त्यांच्या पोटात काय गेलं ते पुराव्यासकट काढता येतं. मी तिथे बराच वेळ उभी होते, आमच्या मॅडमना दोनदा हाक मारावी लागली.

हे नियम कुणाला टेबलावर बसून सुचलेले नाहीत. १९९६ च्या जुलैमध्ये ओसाकाला लागून असलेल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ-१५७ या जंतूची साथ आली, नऊ हजारांवर लोक आजारी पडले, त्यातली बहुतेक शाळेतली मुलं, आणि तीन मुलं गेली. संशय मुळ्याच्या कोंबांवर आला, ते पिकवणाऱ्यांचा धंदा बसला, तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी कॅमेऱ्यासमोर ते कोंब खाऊन दाखवले, असं सगळं झालं. पण त्या साथीनंतर शाळांच्या किचनचे नियम फार कडक झाले आणि अजूनही बऱ्याच शाळांमध्ये काकडी-कोबीसुद्धा वाफवून मगच देतात. तसंच २०१२ मध्ये तोक्योच्या चोफू भागातल्या शाळेत पाचवीतल्या एका मुलीला ॲलर्जी असलेलं चीज दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या पदार्थातून पोटात गेलं आणि ती वाचली नाही. आम्ही बघितलेल्या शाळेत ॲलर्जीवाल्या मुलांचा ट्रे वेगळ्या रंगाचा होता, वर नावाचं लेबल, आणि तो नेणाऱ्या बाई मुलाच्या हातात देताना नाव मोठ्याने वाचत होत्या. प्रत्येक नियमामागे असं एक मूल आहे.

मुलांना जेवण द्यायच्या साधारण अर्धा तास आधी मुख्याध्यापक तेच जेवण स्वतः जेवतात. चमचाभर चव नव्हे, जेवतात, आणि वास, चव, शिजलंय का, काही वेगळं लागतंय का ते लिहून सही करतात. मग घंटा होते, पांढरे कोट, टोप्या आणि मास्क घातलेली चिमुरडी मुलं ट्रॉली ढकलत वर्गात येतात, कारण वाढायचं काम मुलांचंच, पाळीपाळीने. शाळेच्या स्पीकरवर एक पोरगी आजचा मेन्यू वाचून दाखवत होती, मुळा कुठल्या गावातून आलाय ते पण. त्या दिवशी होतं भात, भाजलेला बांगड्यासारखा मासा, हिजिकी नावाचं काळं समुद्री शेवाळ गाजराबरोबर परतलेलं, भरपूर भाज्या घातलेलं मिसोचं (म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टचं) सूप आणि २०० मिलीची दुधाची पिशवी, म्हणजे कागदी खोका. बाई पण मुलांबरोबर तेच जेवतात. सगळे हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणाले आणि आपल्याकडे शाळेत डबा उघडायच्या आधी श्लोक म्हणायचो ते आठवून आम्ही चौघी मराठी मुली एकमेकींकडे बघून हसलो. एक मासा उरला होता, त्यासाठी पाच-सहा पोरांनी दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावला. नंतर दुधाचे खोके धुऊन, उघडून, सपाट करून एकावर एक रचले. कुणी ओरडत नव्हतं, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी या जेवणाचं मोजमाप ठरलेलं आहे, साधारण ६५० कॅलरी आणि मीठ दोन ग्रॅमच्या आत. हे जुळवून आणायला त्या शाळेत पोषणशिक्षिका आहेत. हे पद २००५ मध्ये आलं, त्याच वर्षी जपानने अन्नशिक्षणाचा कायदा केला. त्या मेन्यू ठरवतात आणि वर्गात जाऊन शिकवतात पण. महिन्याचा मेन्यू घरी जातो, त्यात प्रत्येक जिन्नस लाल, पिवळ्या, हिरव्या रकान्यात मांडलेला असतो: शरीर बांधणारं, ताकद देणारं, तब्येत सांभाळणारं. कायद्याप्रमाणे सामानाचा खर्च पालकांचा, आणि किचन, इंधन, कामगारांचे पगार पालिका बघते. अलीकडे बऱ्याच पालिकांनी पालकांची फी पण माफ केलीय.

आणि हे सुरू कुठून झालं तर गरिबीतून. १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी देवळातल्या भिक्षूंनी डबा आणू न शकणाऱ्या मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमार होती तेव्हा परदेशी मदतीच्या दूध पावडरवर शाळा चालल्या, १९५४ मध्ये कायदा झाला, आणि कितीतरी वर्षं मुलांना पावच मिळायचा, भात अधिकृतपणे आला तो १९७६ मध्ये. भात खाणाऱ्या देशातल्या शाळेत भात यायला तीस वर्षं लागली! अमेरिकेचा गहू हे त्यामागचं मोठं कारण, तो वेगळाच विषय आहे.

आपल्याकडची तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात १९९५ ला शालेय पोषण आहाराची योजना आली तेव्हा मुलांना घरी न्यायला महिन्याला तांदूळ मिळायचे, शिजवलेलं जेवण २००१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर आलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन असा नियम आपल्याकडेही आहे. चव नोंदवही आपल्याकडेही आहे. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या छपराजवळ गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं, त्यानंतर शिक्षकांनी आधी चव घ्यायचा नियम अजून पक्का झाला. म्हणजे कागदावर आपण फार मागे नाही. फरक कुठे आहे तर तिथे जी बाई थर्मामीटर खुपसते तिला पगार आहे, हात धुवायला कोपराने उघडायचा नळ आहे आणि तिच्या वर पोषणशिक्षिका आहे. आपल्याकडे बचत गटाची ताई अडीच हजारांच्या आसपास मानधनावर, पत्र्याच्या शेडखाली, दीडशे पोरांची खिचडी रटरटवते आणि तिच्याकडूनच आपण सगळी काळजी अपेक्षित धरतो. ती घेतेही बिचारी, स्वतःच्या घरचा कांदा-कोथिंबीर आणून घालणाऱ्या ताया मी बघितल्यात.

आता मीठ. नागानोला समुद्र नाही, डोंगर आणि बर्फ, हिवाळ्यात पूर्वी काही उगवायचं नाही, त्यामुळे जे काही आहे ते मिठात घालून ठेवायचं. नोझावाना नावाची मोहरीच्या पाल्यासारखी लांब पानांची भाजी पिंपंच्या पिंपं भरून खारवायची, मिसो घरोघरी, आणि पाहुणा आला की चहाबरोबर लोणच्याची वाटी पुढे. आपल्याकडे चहाबरोबर बिस्किटं किंवा चिवडा येतो ना तसं तिथे खारवलेला पाला येतो, आणि चहाचा कप रिकामा झाला की परत भरतात आणि लोणचं पण परत वाढतात. १९६० च्या दशकात या प्रांतात लकव्याने, म्हणजे ब्रेन स्ट्रोकने माणसं मरायचं प्रमाण देशात सगळ्यात वाईट असलेल्यांमध्ये होतं. आणि २०१० च्या आकडेवारीत हाच नागानो पुरुष आणि बायका दोघांच्याही आयुर्मानात जपानात पहिला आला.

मधल्या वर्षांत काय झालं ते बघायला आम्ही साकु भागात गेलो. तिथलं साकु सेंट्रल हॉस्पिटल आणि डॉक्टर तोशिकाझु वाकात्सुकी. हा माणूस १९४५ मध्ये त्या छोट्या हॉस्पिटलात आला आणि पेशंटची वाट न बघता गावात जायला लागला. लोक भाषणाला यायचे नाहीत म्हणून हॉस्पिटलच्या लोकांनी नाटकं बसवली, तपासणी आणि नाटक एकाच संध्याकाळी. १९५९ पासून याचिहो गावात अख्ख्या गावाची दरवर्षी आरोग्यतपासणी सुरू केली, प्रत्येक घराची नोंद. १९७६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, तोच पुरस्कार आपल्या जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याला मिळाला, त्यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना, अगदी निरक्षर बायकांनासुद्धा, आरोग्यसेविका केलं होतं. साकुला हे सांगितलं तर तिथले म्हातारे डॉक्टर खूश झाले आणि जामखेड कुठे आहे ते मला नकाशावर दाखवायला लावलं.

पण नागानोची खरी कमाल डॉक्टर नाहीत, तिथल्या बायका आहेत. १९४५ मध्ये ताकाहो गावात, आता ते सुझाका शहरात येतं, एका आरोग्यसेविकेची धावपळ बघून गावातल्या बायका मदतीला उभ्या राहिल्या आणि त्यातून आरोग्य स्वयंसेविकांची पद्धत पडली जी प्रांतभर पसरली. साधारण दोन वर्षांची पाळी असते, मग दुसरी कुणीतरी येते. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांत गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली कुणी ना कुणी हे काम करून गेलेली आहे. सासूने केलं, मग सुनेने. १९८१ मध्ये प्रांताने मीठ कमी करायची मोहीम काढली तेव्हा या बायका घरोघरी गेल्या, मिसो सूपमध्ये मीठ मोजायचं छोटं यंत्र बुडवून आकडा दाखवायचा. आणि नुसतं मीठ नाही, थंडीत घरातली निदान एक खोली तरी गरम ठेवा हे पण सांगायच्या, कारण गारठलेल्या घरात बीपी चढतं.

एका आज्जींच्या घरी आम्ही गेलो, सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या पण किचनमध्ये वाऱ्यासारख्या. त्यांनी आधी ओयाकी दिल्या, म्हणजे आत भाजी भरलेली कणकेची जाड पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणा. मग सूप. गाजर, मुळा, कांदा, बटाटा, अळंबी, पालक, एवढं की पाणी शोधावं लागेल. आज्जींनी यंत्र बुडवलं, ०.७ टक्के. दुभाषी ताईंनी सांगितलं त्या काय म्हणतायत: मिसो कमी घाला असं सांगितलं की माणसं चिडतात, भाज्या जास्त घाला असं सांगितलं की कुणी चिडत नाही, वाटी तीच, भाजी वाढली की पाणी कमी बसतं, पाणी कमी की मिसो कमी. लोणच्याचं पण तसंच. पाहुण्याला लोणचं न देणं हा अपमान, ते काही बंद होणार नाही, म्हणून त्या बायकांनी मोठ्या वाट्या बदलून लहान केल्या, पानं बारीक चिरायला लागल्या आणि वर्षभराच्या मुरवणीऐवजी दोन दिवसांचं कमी मिठाचं लोणचं शिकवलं. मी ओपीडीत दिलेल्या त्या कागदावर नुसत्या फुल्या होत्या. इथे कुणाच्या घरातून काही काढून घेतलं नव्हतं.

उगीच गुलाबी चित्र नको म्हणून हेही लिहिते, जपानी माणूस अजूनही दिवसाला सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास मीठ खातो आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते पाच. नागानोतही मीठ फार खाली आलंय असं नाही. पण भाजी खाण्यात ते देशात सगळ्यात वर आहेत, म्हातारे लोक शेतात काम करत राहतात, तपासण्या होतात, सगळं मिळून झालंय ते. एकाच गोष्टीला श्रेय द्यायचा मोह होतो, आमच्या गटात यावर रात्री बरंच भांडण झालं.

(शाकाहारी लोक विचारतायत म्हणून: हो, अवघड आहे. भाजीच्या रश्श्यातही सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी असतं. नागानोच्या झेंकोजी देवळाच्या धर्मशाळेत मात्र साधूंचं शाकाहारी जेवण मिळालं, कोंबु शेवाळ आणि सुकवलेल्या शिताके अळंबीच्या पाण्यात केलेलं, आणि आमच्या गटातल्या जैन मैत्रिणीने कंदमुळं बाजूला काढून का होईना पोटभर खाल्लं.)

तोक्योत एका लेक्चरमध्ये बेरीबेरीची, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ कमी पडून होणाऱ्या आजाराची गोष्ट ऐकली, ती थोडक्यात. कोंडा काढून पॉलिश केलेला पांढरा तांदूळ म्हणजे प्रतिष्ठा, त्यामुळे शहरात आणि सैन्यात पाय सुजून, हृदय बंद पडून माणसं मरायची. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये एका जहाजावर जेवण बदलून दाखवलं, मांस, जव, डाळी वाढवल्या, आणि आधीच्या जहाजावर ३७६ पैकी १६९ जण आजारी पडून २५ मेले होते तिथे या जहाजावर बेरीबेरीने कुणीच मेलं नाही. नौदलाने ऐकलं. लष्कराने नाही ऐकलं, तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांना आजाराचं कारण म्हणून जंतूच हवा होता. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी लष्कराचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने मेले. व्हिटॅमिन बी-१ चं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पण जेवण बदललं की माणूस वाचतो एवढं माहीत होतं, आणि वाचवायला तेवढं पुरे होतं.

हे वाक्य मला मिनामाताला परत परत आठवत राहिलं.

मिनामाता क्युशु बेटावर, कुमामोतो प्रांतात. पुस्तकात वाचलेलं असतं, पारा, मासे, मिनामाता, परीक्षेत दोन मार्कांना येतं. गावात उतरल्यावर समोर शिरानुइ समुद्र दिसतो, इतका शांत की तळं वाटावं, पलीकडे बेटं, उतारावर संत्र्याच्या बागा. इथले कोळी दिवसातून तीनही वेळा मासे खायचे, भात कमी आणि मासे जास्त, कारण मासे फुकट आणि भात विकत. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनायचं, त्यात पारा वापरायचे, आणि सांडपाणी खाडीत. १९५० च्या दशकात आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, तोंडातून फेस, समुद्रात पडून मरायची. कोळ्यांनी ते बघितलं होतं. मग मुलं. १ मे १९५६ ला कारखान्याच्याच हॉस्पिटलचे डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य केंद्राला कळवलं की कारण न समजणारा मेंदूचा आजार पसरलाय, तो दिवस अधिकृत सुरुवातीचा मानतात. शेजारी म्हणाले संसर्ग आहे, घरं जंतुनाशकाने धुतली, त्या कुटुंबांना दुकानदार पैसे हातात घ्यायचे नाहीत, चिमट्याने उचलायचे.

तिथल्या म्युझियममध्ये ज्यांच्या घरात हा आजार झाला अशी माणसं येऊन स्वतः सांगतात. आमच्यासमोर बसलेले काका कोळ्याच्या घरातले. त्यांनी सांगितलेलं एकच लिहिते. घरात आजारी पडलेल्याला ताकद यावी म्हणून घरचे सगळ्यात ताजा, सगळ्यात चांगला मासा त्यालाच द्यायचे. आमच्यातल्या दोघी तिथेच रडल्या. आजाऱ्याला चांगलंचुंगलं खाऊ घालणं, यापेक्षा जास्त माया माणूस कुठे दाखवतो?

आणि आता ती गोष्ट जी मला आमच्या अख्ख्या कोर्समध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९५६ संपेपर्यंत कुमामोतो विद्यापीठाच्या लोकांना खाडीतल्या मासळीचा संशय आलेला होता. नेमकं विष कुठलं ते कळलं नव्हतं, मासे खाल्ले की होतं एवढं दिसत होतं. १९५७ मध्ये प्रांताने दिल्लीला, म्हणजे त्यांच्या तोक्योच्या आरोग्य मंत्रालयाला विचारलं की अन्नस्वच्छता कायदा लावून ही मासळी बंद करू का. उत्तर आलं की खाडीतले सगळेच्या सगळे मासे विषारी झालेत असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. मासेमारी करू नका असा सल्ला दिला, बस. याच्या आधी १९४९ मध्ये शिझुओका प्रांतात हामाना सरोवराच्या शिंपल्यांमुळे माणसं दगावली होती, तेव्हा कुठलं विष हे कळायच्या आधीच शिंपले काढायला बंदी घातली होती. म्हणजे कायदा होता, उदाहरण होतं. १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केलं, त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नातून खाऊ घातलेलं प्रयोगातलं ४०० नंबरचं मांजर तसंच आजारी पडलं, कंपनीने ते दाबून ठेवलं. १९६५ मध्ये दुसऱ्या कंपनीमुळे निइगातात तोच आजार. सरकारने कारण मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये, चिस्सोने ती पद्धत बंद केल्यानंतर काही महिन्यांनी. एक तपापेक्षा जास्त काळ माणसं तीच मासळी खात राहिली.

तेव्हा डॉक्टरांचा समज होता की गर्भाशयातली वार (प्लासेंटा) बाळाचं विषापासून रक्षण करते. आईला फारसं काही होत नव्हतं आणि बाळ जन्मतःच वाकलेलं, बोलता न येणारं. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा तुकडा सुकवून छोट्या लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे, आपल्याकडे जावळ जपतात तसं. नंतर आयांनी त्या डब्या संशोधकांना दिल्या आणि सुकलेल्या नाळेत पारा सापडला, वर्षानुसार मोजता आला. म्युझियममध्ये तशी डबी आहे, आगपेटीएवढी.

कुमामोतो आणि कागोशिमा मिळून अधिकृत रुग्ण सुमारे २३०० मानले गेले, बाकी हजारो लोक कोर्टात आणि तडजोडीत अडकले आणि काहींचे खटले अजून चालूच आहेत. खाडीतला पाऱ्याचा गाळ उपसून किनाऱ्याला ५८ हेक्टर भराव घातलाय, त्यावर बाग आहे. खाडीच्या तोंडाला लावलेलं जाळं १९९७ मध्ये काढलं, मासे सुरक्षित म्हणून जाहीर झाले. दुपारी आम्हाला तिथलीच बारीक पांढरी मासळी भातावर घालून दिली, वर कांद्याची पात. क्षणभर सगळे थांबलो. मग आमच्यातला कोकणातला मुलगा पहिला जेवायला लागला.

तो खाडीकाठच्या भोयांच्या घरातला आहे, वर केमिकलची एमआयडीसी. येताना बसमध्ये तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “आमच्याकडे पण मेलेले मासे वर येतात की. पेपरात फोटो येतो, पंचनामा होतो, पाण्याचं सॅम्पल नेतात. माणसांचं सॅम्पल कोण घेतं? आई त्या आठवड्यात पण बाजारात बसलेली असते.” कुणाकडेच उत्तर नव्हतं. मॅडम म्हणाल्या तुझं डिझर्टेशन यावर कर. त्याने विषय दिलाय पण, मंजुरी यायचीय: मच्छीमार कुटुंबांच्या केसांतला पारा. पाऱ्यासाठी केस तपासणं सोपं पडतं, सुई नको, घरोघरी जाऊन करता येतं. लॅब कुठली, खर्च कोण देणार हे अजून ठरायचंय, आणि भावकीतले आत्तापासूनच म्हणतायत की काही निघालं तर आमची मासळी कोण घेणार. मिनामाताच्या कोळ्यांनाही अगदी हीच भीती होती.

मी माझ्यापुरतं शाळेचं घेतलंय. मिरजेच्या आसपासच्या काही जिल्हा परिषद शाळांमध्ये खिचडीचा आणि तांदूळ-डाळीचा नमुना ठेवता येईल का, लाईट गेली तर फ्रीझरचं काय, गावात कुणाच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का, दूध डेअरीच्या कूलरचा उपयोग होईल का, हे बघतेय. दोन मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, एक सर म्हणाले “मॅडम आधी शेडला भिंती द्या”. बरोबरच आहे त्यांचं, तेही प्रपोजलमध्ये घातलंय. तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवत असेल किंवा कुणाची आई, मावशी, वहिनी पोषण आहार शिजवत असेल तर मला नक्की कळवा की सकाळी सामान काढण्यापासून भांडी घासेपर्यंत त्यांचा दिवस कसा जातो. पाणी कुठून येतं, चव कोण घेतं आणि उरलेलं कुठे जातं, एवढं तरी.